नव्या गेम मास्टरने तयारी कशाची करावी आणि आयत्या वेळेवर काय सोडावे

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन तोंडी खेळायच्या गोष्टीच्या खेळात, गोष्ट चालवणारा गेम मास्टर म्हणून मी पहिल्यांदा बसलो तेव्हा माझ्या वहीत चौदा पाने लिहिलेली होती. बेळगावात टिळकवाडीतल्या एका मित्राच्या माडीवर पावसाळ्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही पाच जण जमलो होतो. खेळाडूंनी गावच्या पाटलाला भेटायचे, त्याच्याकडून गडाच्या तळघराची बातमी काढायची आणि रात्री पुढच्या दरवाज्याने गडात शिरायचे, असे सारे मी ठरवून ठेवले होते. खेळाडू पाटलाच्या वाड्यावर गेलेच नाहीत. वाटेत शोभेपुरता मी एक बैलगाडीवाला आणला होता. त्याच्या गाडीत काय आहे आणि एवढ्या पावसात तो कुठे निघाला आहे, याचाच त्यांनी दीड तास पिच्छा पुरवला. मी त्यांना दर दहा मिनिटांनी वाड्याकडे वळवीत राहिलो, तेव्हा खानापूरहून आलेला खेळाडू शेवटी म्हणाला, "तू सांगशील तिकडं जातो की, खरं मग आमी खेळालोय कशाला?" आमच्याकडच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

पुढच्या रविवारी मी रागाने रिकाम्या हाताने गेलो आणि सगळे तिथल्या तिथे सुचवायचे ठरवले. पहिला तास बरा गेला. त्यानंतर भेटणारा प्रत्येक माणूस एकाच खडूस म्हाताऱ्यासारखा बोलू लागला, गावाच्या पूर्वेला असलेली नदी तासाभराने पश्चिमेला वाहू लागली आणि चोर कोण हे मलाच ठाऊक नसल्यामुळे खेळाडूंनी विचारलेल्या नेमक्या प्रश्नांना मी गोलगोल उत्तरे देत राहिलो. या दोन रविवारांनंतर मला जे कळले, ते नव्याने गेम चालवू पाहणाऱ्यांसाठी इथे क्रमाने मांडतो आहे. गोष्टीच्या जगात कोण आहे, कुठे आहे आणि कोणाला काय हवे आहे, याची तयारी घरी करावी. पुढे काय घडेल, हे मात्र टेबलावरच ठरू द्यावे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, आपले पात्र काय करते ते तोंडाने सांगतो आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. बाकीचे सारे जग, म्हणजे इतर माणसे, जनावरे, वाटा आणि हवामान, गेम मास्टरच्या हाती असते. या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 1974 सालचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्याच्या मूळ नियमांतच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. गेम मास्टरने खेळापूर्वी भुयाराच्या मजल्यांचे निदान सहा नकाशे काढून ठेवावेत, असे तिथे सांगितले होते. परंतु खेळाडूंनी कोणत्या खोलीत आधी शिरावे, हे कुठेही लिहिलेले नव्हते. भुयारात फिरताना ठरावीक वेळाने सहा बाजूंचा फासा टाकायचा आणि सहा पडल्यास एखादे भटके संकट समोर उभे करायचे, अशीही सोय होती. म्हणजे जागा आधी आखलेली, पण घटना खेळाडूंच्या पायांवर आणि फाशांवर सोडलेली.

आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातला आणि गोव्यातला दशावतार ज्यांनी रात्रभर बसून पाहिला असेल, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. त्या नाटकाची छापील संहिता नसते. आख्यान कोणते, कोणाची भूमिका कोण करणार आणि कोणाचा प्रवेश कोणानंतर, एवढे आधी ठरते आणि संवाद नट रंगमंचावरच रचतात. नटांना ते साधते, कारण प्रत्येकाला आपले पात्र कोण आहे आणि ते कशासाठी अडून बसले आहे, हे पक्के माहीत असते.

आधी बसून बोलून घ्यावे

पहिल्या खेळाआधी सर्वांनी एकदा केवळ बोलण्यासाठी भेटावे. किती वाजेपर्यंत बसता येईल, गोष्ट हाणामारीची हवी की शोधाची, आणि कोणते विषय टेबलावर नकोत, हे त्या दिवशी ठरवावे. आपल्या भागात शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. एकाच टेबलावर घरी मराठी बोलणारे आणि घरी कन्नड बोलणारे मित्र असतात. सीमाप्रश्न, जात आणि देवस्थाने यांविषयी प्रत्येकाच्या मनात काहीतरी असते. सर्वांना चालत असेल तर हे विषय गोष्टीत जरूर आणावेत, पण विचारल्याशिवाय आणू नयेत. ही एक बाब अशी आहे की जिथे आयत्या वेळचे सुचणे हमखास अंगाशी येते.

नियम निवडताना फार अडून बसू नये. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम इंग्रजीत विनामूल्य मिळतात आणि त्यासाठी लागणारा वीस बाजूंचा फासा जवळपास न मिळाल्यास मोबाईलवरचे फासे चालतात. घरात केवळ ल्युडोचे दोन फासे असतील, तर दोन फाशांच्या बेरजेवर चालणारे खेळही आहेत. त्यांतल्या बहुतेकांत दहा किंवा अधिक आले तर काम फत्ते, सात ते नऊ आले तर काम होते पण काहीतरी किंमत मोजावी लागते, आणि सहा किंवा कमी आले तर गेम मास्टर संकट आणतो. दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी सहा पहिल्या प्रकारात, पंधरा दुसऱ्या आणि पंधरा तिसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा काम होते, पण बहुतेक वेळा काहीतरी नवे झेंगट मागे लावून होते. नव्या गेम मास्टरला याचा मोठा आधार असतो, कारण पुढचा प्रसंग त्याला शून्यातून काढावा लागत नाही, फासेच त्याला ढकलतात.

एका पानावर पेच मांडावा

आता प्रत्यक्ष तयारी. तीन तासांच्या बैठकीसाठी दीड तासाहून अधिक तयारी करू नये आणि ती एका कागदाच्या दोन बाजूंत मावावी. त्याहून जास्त लिहिले की लिहिलेले वापरण्याचा मोह होतो, आणि मग खेळाडू बैलगाडीमागे निघाले की आपल्याला राग येतो.

उदाहरणासाठी एक पेच घेऊ. खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठी जंगलाला लागून एक कल्पित गाव आहे. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत कित्येक वर्षांच्या अंतराने लक्ष्मीची यात्रा भरते, तशी ती या गावात चार दिवसांवर आली आहे. गावाबाहेर दिलेल्या लेकी परतल्या आहेत, घरोघर पाहुणे उतरले आहेत आणि देवीचा चांदीचा मुखवटा जागेवर नाही. पुजाऱ्याने तो मुलाच्या आजारपणात गहाण टाकला आहे आणि यात्रेआधी सोडवून आणण्याची त्याची धडपड चालली आहे. सावकाराला मुखवटा नको, त्याला पुजाऱ्याची नदीकाठची जमीन हवी आहे. सरपंचाला चोरी झाल्याची बोंब होऊ द्यायची नाही, कारण यात्रेच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे आहे आणि तो नीट नाही. आणि जंगलात लाकूड तोडणाऱ्या टोळीवर आळ आला तर ते सर्वांनाच सोयीचे आहे, टोळी सोडून.

यात पुढे काय होईल, हे मी कुठेही लिहिलेले नाही, हे लक्षात घ्यावे. चार माणसे आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी हवे आहे. खेळाडू सावकाराला धमकावोत, पुजाऱ्याला पैसे देवोत, नवा मुखवटा घडवून घेवोत किंवा सरपंचाचा हिशेब चव्हाट्यावर मांडोत, यांतल्या कोणत्याही वाटेने ते गेले तरी समोरचा माणूस काय करील, हे मला सुचते, कारण त्याला काय हवे आहे हे मला माहीत आहे. प्रत्येक माणसासाठी दोन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत त्याची इच्छा लिहावी आणि दुसरीत ती मिळवण्यासाठी तो काय करायला तयार आहे व कशाला तयार नाही, हे लिहावे. माझा पुजारी खोटे बोलेल, पण देवीची शपथ घेऊन खोटे बोलणार नाही. या एका ओळीने माझ्या एका बैठकीचा तासभर रंगला होता.

त्याच कागदावर, खेळाडूंनी काहीच केले नाही तर काय होईल, तेही दिवसवार लिहावे. पहिल्या दिवशी गावात कुजबुज सुरू होते. दुसऱ्या दिवशी टोळीतल्या एका पोराला धरून चावडीत बांधतात. तिसऱ्या दिवशी पुजारी जमिनीच्या कागदावर सही करायला निघतो. चौथ्या दिवशी देवीची मिरवणूक निघण्याची वेळ होते. खेळाडूंनी हस्तक्षेप केला की त्या ठिकाणापासून पुढचे खोडावे. यामुळे जग त्यांच्यासाठी थांबून राहत नाही, आणि खेळ रेंगाळला की आपल्याला पुढचा धक्का शोधत बसावे लागत नाही.

शोधाच्या गोष्टीत सत्य मात्र आधी ठरलेले असलेच पाहिजे. खेळाडूंनी ज्या निष्कर्षावर पोचणे आवश्यक आहे, त्याकडे नेणारे निदान तीन वेगवेगळे धागे पेरावेत, कारण पहिला त्यांच्या नजरेतून सुटतो आणि दुसऱ्याचा अर्थ ते भलताच लावतात. मुखवटा गहाण आहे हे पुजाऱ्याच्या बायकोच्या बोलण्यातून कळेल, सावकाराच्या वहीतून कळेल आणि खानापूरच्या दवाखान्याच्या पावतीवरूनही कळेल. ज्या धाग्यावाचून गोष्ट अडेल तो कधीही फाशाच्या मागे लपवू नये. फासा वाईट पडला तर धागा मिळावाच, फक्त महाग मिळावा: वही सापडते, पण पाने उलटताना सावकाराचा माणूस दारात उभा राहतो.

नावांची यादी आणि ओळखीची जागा

आयत्या वेळी सर्वांत आधी आटतात ती नावे. खेळाडूने चहाच्या टपरीवाल्याचे नाव विचारावे आणि आपण "अं... रमेश" म्हणावे, की तो टपरीवाला महत्त्वाचा नाही हे टेबलावरच्या प्रत्येकाला तत्काळ कळते. म्हणून दहा-बारा नावे कागदाच्या कडेला लिहून ठेवावीत आणि वापरले की त्यासमोर तो कोण, हे टिपावे. आपल्याकडे हे काम सोपे आहे, कारण यल्लाप्पा, कल्लाप्पा, परशराम, नागव्वा, तुळसाक्का, बसाप्पा, फकिराप्पा अशी नावे घेतली की माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि यांतली बरीच नावे मराठी व कन्नड अशा दोन्ही घरांत सापडतात. नावाबरोबर एक लकब लिहावी. एक जण प्रत्येक वाक्यानंतर दाराकडे पाहतो, दुसरी प्रश्नाचे उत्तर प्रश्नानेच देते, तिसरा हिशेब नेहमी कन्नडमध्ये करतो आणि भांडण मराठीत. आवाज बदलण्याचे कसब नसले तरी एवढ्याने माणसे वेगळी होतात आणि माझ्या दुसऱ्या रविवारचा खडूस म्हातारा पुन्हा उगवत नाही.

जागेच्या बाबतीत माझा सल्ला असा, की सुरुवातीला नकाशा रचू नये, उसना घ्यावा. बेळगावचा भुईकोट किल्ला सर्वांनी पाहिलेला असतो. भोवती खंदक, प्रवेशापाशी गणपती आणि दुर्गा यांची देवळे, आत कमल बसदी आणि सफा मशीद, आणि या साऱ्यांमध्ये मोकळ्या पसरलेल्या वाटा. त्याचे नाव बदलून त्याला कोणत्याही काल्पनिक राज्यात नेऊन ठेवता येते. 'खंदकाच्या बाजूने आत शिरता येईल का' असे खेळाडूने विचारले, तर उत्तर आपल्या आठवणीत तयार असते आणि नदीने दिशा बदलण्याची भीती उरत नाही. धबधबा हवा असेल तर गोकाकचा घ्यावा. घटप्रभा तिथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते आणि वर झुलता पूल आहे, तेव्हा पाठलागाचा प्रसंग कुठे घडवावा हे वेगळे सांगायला नको. डोंगरी गड हवा तर येळ्ळूरचा राजहंसगड, आणि घनदाट रान हवे तर कणकुंबीच्या बाजूचे, जिथे मलप्रभा उगम पावते.

लढाई होण्याची शक्यता असेल तर शत्रूंची संख्या आणि त्यांचे आकडे मात्र घरीच लिहून न्यावेत. आकडे आयत्या वेळी सुचवणे हे नव्या माणसाचे काम नाही, आणि तिथल्या चुकीने पात्रे मरतात.

टेबलावर बसल्यावर

इथून पुढे कागद बाजूला ठेवावा, झाकून नव्हे, पण बाजूला. खेळाडू काहीतरी अनपेक्षित करतो म्हणतो, तेव्हा पहिल्या क्षणी जिभेवर 'नाही' येते, ते गिळावे. 'होय' म्हणून त्यात भर घालावी, किंवा 'होय, पण' म्हणून अडचण घालावी. खेळाडू म्हणतो, "मी यात्रेच्या मंडपवाल्याला ओळखतो." वहीत मंडपवाला नाही. तरीही, "होय, ओळखतोस, मागच्या वेळचे त्याचे पैसे तू अजून दिलेले नाहीस," असे म्हटले की एक नवा माणूस आणि एक नवी भानगड फुकटात मिळते. 'नाही' फक्त दोन ठिकाणी म्हणावे: जे टेबलावर आधीच खरे ठरले आहे त्याला छेद जात असेल तिथे, आणि पहिल्या भेटीत वर्ज्य ठरलेल्या विषयांच्या बाबतीत.

काही सुचत नसेल तर खेळाडूंनाच विचारावे. "या गावात तुझी बहीण दिली आहे ना? तिचे घर कसे आहे?" असे विचारताच खेळाडू गोष्टीचा अर्धा भार उचलतो आणि ती बहीण पुढच्या बैठकीला आपल्या कागदावर येते. फक्त रहस्याच्या गाभ्याविषयी असे विचारू नये. चोर कोण हे खेळाडूंच्या अंदाजावरून बदलणारे गेम मास्टर मी पाहिले आहेत. ते चतुराईचे वाटते, परंतु एकदा खेळाडूंना हे कळले की ते पुन्हा कधीही धागे जुळवत बसत नाहीत.

फासे कधी टाकावेत, हाही आयत्या वेळचाच निर्णय आहे. अपयशाने काही मजेदार घडणार असेल तरच टाकावेत. बंद नसलेले दार उघडायला फासा नको. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवतात, आणि ती बेरीज गाठायचे लक्ष्य सोप्या कामाला 10, मध्यमला 15 आणि अवघडला 20 असे धरतात. पात्राचा हा मिळवायचा आकडा 5 असेल तर मध्यम कामात यश मिळण्याची शक्यता 55 टक्के राहते. हे तीन आकडे पाठ असले की नियमांचे पुस्तक उघडावे लागत नाही, आणि बारीक नियमावर वाद झालाच तर त्या वेळी अंदाजाने निकाल देऊन घरी जाऊन पाहावे.

पूर्ण अडकलात, तर सरळ चहाला थांबावे. हा मी मनापासून दिलेला सल्ला आहे. "दहा मिनिटं थांबू या, मला विचार करू द्या," असे म्हणण्यात कमीपणा नाही. खेळाडूंना उलट आवडते, कारण आपण गेम मास्टरला पेचात टाकले याचा आनंद कुंद्याच्या वाटीपेक्षा गोड असतो. त्या दहा मिनिटांत माणसांच्या दोन-दोन ओळी पुन्हा वाचाव्यात आणि एकच प्रश्न स्वतःला विचारावा: आत्ता जे झाले ते कळल्यावर यांतला सर्वांत जास्त चिडणारा माणूस कोण, आणि तो काय करील? पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा ही विश्रांती आपोआपच मिळते, आणि मेणबत्तीच्या उजेडात झालेला तळघराचा एक प्रसंग अजून आमच्यात निघतो, तो काही मी ठरवून आणला नव्हता.

निघण्यापूर्वी

टेबलावर जे काही सुचले ते त्याच वेळी कागदाच्या मागच्या बाजूला दोन शब्दांत टिपत जावे: मंडपवाला, उधारी; बहीण, नदीकाठचे घर. आयत्या वेळी बोललेली गोष्ट बोलल्या क्षणापासून वहीतल्या गोष्टीइतकीच खरी असते, आणि ती विसरणारा गेम मास्टर खेळाडूंच्या लगेच लक्षात येतो. घरी गेल्यावर, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, पंधरा मिनिटे देऊन या टिपणांतून पुढच्या वेळचा कागद सुरू करावा. माझ्या वहीत आज जी माणसे आहेत त्यांतली निम्म्याहून अधिक अशीच आलेली आहेत. तो बैलगाडीवालाही त्यांत आहे. त्याच्या गाडीत काय होते, ते मी नंतर ठरवले.

आणि खानापूरच्या मंडळींची बस चुकण्याआधी, सगळे उठून चपला शोधू लागले असताना, प्रत्येकाला विचारावे: "पुढच्या रविवारी तुम्ही आधी कुठे जाणार?" चौघांत वाद होईल, तो होऊ द्यावा, आणि जिथे एकमत होईल त्या जागेची तेवढी तयारी करून यावे.